चिखलदऱ्याची दरी बघायची तर

श्रावणातल्या रविवारी चिखलदऱ्याला जाणाऱ्या बऱ्याच जणांना दरी दिसतच नाही. सकाळी निघालेली गाडी अकराच्या सुमारास वर पोचते. पहिल्या पॉइंटवर कठड्यापलीकडे नुसतं पांढरं फटक. लोक भुट्टा खातात, फोटो काढतात आणि पुढच्या पॉइंटवर जातात, तर तिथेही तेच पांढरं. चार वाजता परतीची घाई सुरू होते आणि घरी गेल्यावर सांगितलं जातं, "धुकं लई होतं, काही दिसलं नाही." दरी तिथेच असते, फक्त वेळ चुकलेली असते. त्यामुळे कोणते पॉइंट बघायचे यापेक्षा केव्हा जायचं, किती थांबायचं आणि मुक्काम का करायचा याबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

आधी जागेची रचना समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच ठरतं. अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट म्हणजे सातपुड्याची गाविलगड रांग. तिच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याचं सपाट वऱ्हाड आहे. पायथ्याचं परतवाडा समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर आणि चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. म्हणजे जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरच्या रस्त्यात तुम्ही सातशे मीटर वर चढता. पावसाळी वारा मैदानावरून सरळ येतो, या काळ्या पाषाणाच्या भिंतीला धडकतो आणि वर ढकलला जातो. वर गेला की थंड होऊन ढग बनतो. जुलै-ऑगस्टमधलं चिखलदऱ्याचं धुकं म्हणजे हा ढगच, आणि पठार नेमकं त्याच्या पोटात असतं.

हिवाळ्यातलं धुकं वेगळ्या कारणाने होतं. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन लवकर निवते, थंड जड हवा उतारावरून घरंगळत दरीत साचते आणि धुकं तळाला बसतं. पहाटे तुम्ही पठारावर उन्हात उभे असता आणि पायाखाली दरीभर कापूस पिंजून ठेवल्यासारखं दिसतं. सूर्य वर आला की तास-दोन तासांत ते विरतं. आपल्याकडे तुरीचा फुलोरा गाळणारी म्हणून धुवारीचं, म्हणजे या धुक्याचं, नाव नकोसं असतं, पण वरून बघितलेली धुवारी एकदा तरी बघावी अशी आहे.

केव्हा जायचं

महिन्यांपेक्षा सणांवरून ठरवलेलं बरं. मृग लागल्यावर पहिल्या पावसात जायची घाई करू नका. डोंगर हिरवे व्हायला वेळ लागतो, धबधबे तर त्याहून उशिरा धरतात. बेसॉल्टच्या, म्हणजे इथल्या काळ्या पाषाणाच्या, भेगा आणि वरची माती आधी पाणी पिऊन घेतात, मगच ओढे वाहू लागतात. जुलैच्या मध्यानंतर धबधबे जोरात असतात, पण ढगही जोरात असतो. ज्यांना पाऊस अंगावर घेत हिंडायचं आहे त्यांच्यासाठी हा काळ उत्तम. दरी बघायची म्हणाल तर हा काळ सगळ्यात बेभरवशाचा.

पोळा ते नवरात्र हे दिवस आमच्या मते सर्वांत चांगले. पाऊस सरींवर आलेला असतो, दोन सरींच्या मधे आभाळ उघडतं आणि धबधब्यांना अजून पाणी असतं. एकच फेरी करणं शक्य असेल तर ती याच दिवसांत करा. कोजागिरीनंतर आभाळ स्वच्छ होतं आणि गवत पिवळं पडू लागतं. धबधबे झपाट्याने बारीक होतात, कारण त्यांच्या मागे मोठी नदी नसते, पठाराचा छोटासा तुकडा तेवढा असतो. दिवाळीनंतर धबधबा बघायला जाणं व्यर्थ, मात्र दरीतलं पहाटेचं धुकं आणि दूरपर्यंतचं दृश्य याच दिवसांत मिळतं. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच बोचते. मैदानातल्या थंडीच्या हिशेबाने एकच स्वेटर नेला तर पहाटे कड्यावर दहा मिनिटंही उभं राहता येत नाही, कारण तिथे वारा असतो. कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट न्याच.

होळीच्या सुमारास पळस फुललेला असतो, मोह गळायला लागतो, साग पूर्ण निष्पर्ण होतो आणि दरीचा सांगाडा दिसतो. कडे, सोंडा, नाळा कशा आहेत हे समजून घ्यायला हे दिवस चांगले, नुसतं हिरवं बघायचं असेल तर नाहीत. एप्रिल-मे मध्ये खालच्या मानाने वर गारवा असतो, पण वणव्याचा धूर आणि धूळ यामुळे दूरचं दिसत नाही.

वार शक्य तो सोमवार ते गुरुवारमधला धरा. १५ ऑगस्टला आणि श्रावणातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. वळणावर अडकलेली एक बस तुमची सगळी सकाळ घेऊन जाते.

पोचायचं कसं

रेल्वेने आलात तर बडनेरा किंवा अमरावती. तिथून एसटीने परतवाडा आणि परतवाड्याहून वर. अमरावती ते परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर, सपाट रस्ता. स्वतःच्या गाडीने गेलात तरी परतवाड्यात तीन कामं उरकून घ्या. टाकी भरा. रोख पैसे काढा, कारण वर नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत आणि टपरीवाल्याकडे पाचशेचे सुटे नसतात. आणि पोटाला हलकं काहीतरी खा. तेलकट, भरपेट जेवून घाट चढला की मुलांना उलट्या ठरलेल्या. ज्याला मळमळतं त्याला पुढच्या सीटवर बसवा, नजर दूर रस्त्यावर ठेवायला सांगा, मोबाइल बघू देऊ नका.

परतवाड्याहून वर जायला दोन रस्ते आहेत. धामणगाव गढीवरून जाणारा जवळचा. दुसरा घटांगवरून, जंगलातून फिरून जाणारा, लांबचा. एकाने चढून दुसऱ्याने उतरता आलं तर डोंगराच्या दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात, पण घटांगचा रस्ता दिवसाउजेडीच धरा. दोन्हीकडे अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. रानगवा काळ्या डांबरावर उभा असला तर दिव्याच्या झोतात अगदी जवळ गेल्यावरच दिसतो, आणि हजार किलोच्या आसपासच्या जनावराला धडकल्यावर छोटी गाडी उरत नाही. थंडीत साडेपाच-सहालाच अंधारतं, हे लक्षात ठेवून वेळ आखा.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. असा वास आला तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, त्याने डिस्क वाकते.

धुक्यात दिवे खाली टाकलेले ठेवा. वरचा झोत धुक्यावरून परततो आणि आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळताय ते कळत नाही. दुचाकीवाल्यांनी सागाच्या ओल्या पानांवर पुढचा ब्रेक कधीच कचकन दाबू नये. टायरची नक्षी झिजलेली असेल तर पावसाळ्यात त्या गाडीने घाट चढायचं टाळा.

धुकं कसं वाचायचं

मुक्काम हवाच, आणि तोही गावातच. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, वनविभागाची विश्रामगृहं आहेत, खाजगी हॉटेलं भरपूर आहेत. गर्दीच्या दिवसांत खोली आधी ठरवल्याशिवाय वर जाऊ नका. मुक्काम गावात असला की पहाटे गाडी न काढता कड्यापर्यंत चालत जाता येतं, आणि सगळा फायदा त्यातच आहे.

पावसाळी ढगात उघडीप येते ती फार थोडा वेळ, कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. जोराची सर संपून वारा वाहू लागला की ढगाचा पडदा फाटतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. पांढरं एकसारखं असेल तर वाट बघायची. त्यात फिकट-गडद लाटा हलू लागल्या, खालच्या झाडांचे शेंडे येऊन-जाऊन दिसू लागले की उघडीप जवळ आली आहे. त्या वेळी जागा सोडू नका. एका पॉइंटवर किमान चाळीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा. पाच पॉइंटवर दहा-दहा मिनिटं घालवणारा बहुधा पाचही वेळा चुकतो, कारण तो पोचतो तेव्हा पडदा बंद असतो आणि उघडतो तेव्हा तो गाडीत असतो. बसायला गोणपाट किंवा प्लास्टिकची चटई, थर्मासमध्ये चहा आणि प्रत्येकाला रेनकोट, एवढं पुरतं. कड्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, शिवाय ती धरलेला माणूस वाऱ्याबरोबर ओढला जातो. म्हणून छत्री खोलीतच ठेवा.

फोटो काढणाऱ्यांनी कॅमेरा गाडीच्या एसीतून थेट दमट हवेत काढू नये, भिंगावर वाफ धरते. अर्धा तास पिशवीतच बाहेरच्या हवेला सरावू द्यावा.

कोणत्या जागा

देवी पॉइंटला कड्याच्या कपारीत देवीचं ठाणं आहे. वरच्या खडकातून पाझरणारं पाणी पावसाळ्यात पडद्यासारखं गळतं, आणि चंद्रभागा नदीचा उगम इथलाच मानतात. पायऱ्या ओल्या असतात, चप्पल काढून चालताना कठडा धरा. मोझरी पॉइंट मोकळा आहे, दरीचा विस्तार नजरेत मावतो, म्हणून उघडीपीची वाट बघायला सोयीचा. पंचबोल पॉइंटला हाक मारली की डोंगर पाच वेळा उत्तर देतो, असं म्हणतात. हाक मारायची तर एखादीच आणि शांतपणे ऐकायची. भोंगे आणि स्पीकर लावलेत तर मागच्या चार कुटुंबांना काहीच ऐकू येत नाही. अशा कड्यांच्या छताखाली आग्यामोहोळं लागलेली असतात. तिथे विडी-सिगारेट, शेकोटी, उग्र अत्तर नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता चेहरा झाकून सरळ गाडीच्या दिशेने पळायचं, आणि काच बंद करायची.

भीमकुंडाशी भीम-कीचकाची कथा जोडलेली आहे. भीमाने कीचकाला मारून या दरीत लोटलं, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हे ठिकाण वरूनच बघायचं. खाली उतरायच्या मोहात दरवर्षी माणसं अडकतात, आणि त्याची कारणं साधी आहेत. काळ्या दगडावरचं शेवाळ ओलं असताना साबणासारखं सटकतं. कड्याच्या काठावरचं गवत कंबरेएवढं वाढून पुढे झुकतं, त्यामुळे जमीन कुठे संपली ते कळत नाही आणि पाय पडतो तो हवेत. काठाची लाल माती पावसाने भुसभुशीत झालेली असते. म्हणून कठडा नसेल तिथे काठापासून दोन पुरुष अंतर सोडूनच उभं राहायचं, मुलांचा हात सोडायचा नाही आणि सेल्फीसाठी दरीकडे पाठ करून मागे सरकायचं नाही.

ओढ्यात उतरणाऱ्यांनी पाण्यावर नजर ठेवावी. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर सर झालेली असू शकते. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज बदलला की सामान गोळा न करता आधी बाहेर या. लोंढा यायला काही मिनिटंच लागतात.

गाविलगडाला अर्धा दिवस द्या. गावापासून जवळ आहे म्हणून लोक तासाभरात उरकायला जातात आणि पहिल्या दरवाज्यावरून परततात. १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहा वली याने हा किल्ला बांधला, किंवा जुना होता तो मजबूत केला. दरवाज्यांवर कोरलेले सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी थांबून बघण्यासारखे आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम जास्त उठून दिसतं. तीन बाजूंनी तुटलेला कडा आणि उत्तरेकडूनच काय ती जोडलेली जमीन, हे तटावर उभं राहिलं की लगेच कळतं. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज फौजेने जड तोफा डोंगरातून ओढत त्याच उत्तर बाजूला आणल्या, तटाला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबरला किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. हे माहीत असेल तर तटावरून फिरताना नजर कुठे टाकायची ते समजतं. आत पाण्याची तळी आहेत, पण पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर बरोबर न्या. पूर्ण पाय झाकणारी पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी हवी. गवतात आणि पडक्या भिंतींत साप असतात, काठी आपटत चालायचं. तटाच्या बाहेरच्या कडेने चालू नका, दगड सुटलेले आहेत.

वाघ बघायच्या आशेने आलेल्यांना आधीच सांगायला हवं. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांत मेळघाट एक, आणि महाराष्ट्रातला पहिला. पण हे डोंगराळ, दाट सागाचं जंगल आहे, ताडोब्यासारखं वाघाचं दर्शन इथे सहज होत नाही. रानगवा, सांबर, अस्वल, नशीब असेल तर रानपिंगळा हे दुर्मीळ छोटं घुबड, आणि सिपना नदीकाठचं सेमाडोह-कोलकासचं जंगल, हे मनात ठेवून जा. पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते, त्यामुळे धबधबे आणि सफारी एका फेरीत बसवायचा आग्रह धरू नका. सफारीसाठी ओळखपत्राची मूळ प्रत बरोबर ठेवा.

गावात, लोकांत

मेळघाट हे कोरकू आदिवासींचं घर आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर ओळीने घरं, सारवलेल्या भिंती, स्वच्छ अंगण, असं गाव दिसलं की ते कोरकूंचं. ते सुंदर दिसतं म्हणून कुणाच्याही अंगणात कॅमेरा घेऊन शिरायचं नाही. आधी विचारा, नाही म्हटलं तर नमस्कार करून पुढे जा. मुलांना गाडीतून चॉकलेटं फेकणं अत्यंत वाईट. त्याने मुलं रस्त्यावर धावतात आणि अपघात होतात. काही द्यायचंच असेल तर गावातल्या शाळेत जाऊन गुरुजींना विचारा काय लागतं ते. होळीनंतरच्या दिवसांत रस्त्यात नाचत, ढोल वाजवत फगवा मागणारे लोक भेटतात. हा त्यांचा सर्वांत मोठा सण. काच वर करून हॉर्न वाजवू नका, दहा-वीस रुपये सुटे ठेवा, हसून द्या आणि दोन मिनिटं नाच बघा.

वर गवळ्यांची वस्ती जुनी, त्यामुळे दूध, खवा आणि रबडी चांगली मिळते. खवा घेताना चिमूटभर बोटांत चोळा. तूप सुटलं आणि दाणा लागला तर चांगला, रबरासारखा ताणला तर सोडून द्या. उन्हाळ्यात तो गाडीत एका दिवसात आंबतो, म्हणून परतीच्या दिवशीच घ्या. कॉफीची झाडं इथल्या डोंगरात सावलीखाली वाढतात, महाराष्ट्रात ही दुर्मीळ गोष्ट. पूड घेतलीत तर पेलाभर थंड पाण्यावर चमचाभर टाकून बघा. निव्वळ कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी मिसळलेली असेल तर ती भराभर बुडते आणि पाण्यात तपकिरी रेघा सोडते.

माकडांना काही देऊ नका आणि त्यांच्यासमोर पिशवी उघडू नका. पन्नी, बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं खाली आणायला गाडीत एक रिकामं पोतं ठेवा. दरीत टाकलेलं कुणीही परत काढू शकत नाही, आणि सांबरं ते मिठाच्या चवीने खातात.

उंच गवतातून फिरून आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा, अंग घासून आंघोळ करा, काखेत आणि गुडघ्यामागे गोचीड बघा. पुढच्या एक-दोन आठवड्यांत अंगदुखीसह जोराचा ताप आला, किंवा अंगावर सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना गवतात फिरल्याचं न विसरता सांगा. विदर्भात पावसाळ्यानंतर स्क्रब टायफसचे, म्हणजे गवतातल्या गोचिडाहूनही बारीक किड्यांच्या चाव्याने येणाऱ्या तापाचे, रुग्ण आढळतात. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो.

परतताना वर शेवटपर्यंत ढग राहिला आणि काहीच दिसलं नाही, तरी निराश होऊन सरळ अमरावती गाठू नका. धामणगाव गढीकडून घाट पूर्ण उतरला की सपाटीवर रस्त्याच्या बाहेर, शेताच्या धुऱ्याशी गाडी उभी करा आणि मागे वळून उत्तरेकडे बघा. ढग वर पठारावर असतो, त्याच्या खाली पूर्व-पश्चिम पसरलेला अख्खा डोंगर मोकळा दिसतो, आणि पोळ्याच्या दिवसांत त्यावर धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा मोजता येतात.